भरल्या सायकलीला टेका

काळ्या रानातून सायकल चालवलेल्या माणसाला माहीत असतं, मडगार्डात माती साचते. कधी साचली ते कळत नाही. संध्याकाळी काडी घेऊन खरवडायला बसलं की मात्र निघतच राहते. आमच्या सायकलवाल्यांच्या किश्शांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम साठवले नाहीत. एकाने काडी घातली की दुसऱ्याचा निघतो, तिसऱ्याचा निघतो, आणि चहा गार होतो.

आम्ही चौघे. चिटगुप्प्याहून माल भरायचा आणि आसपासच्या गावांचे आठवडी बाजार सायकलवर करायचे. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं. म्हैसूर कुठल्या दिशेला आहे हे आमच्यात एकालाही सांगता आलं नसतं, पण बुधवारचा बाजार कुठल्या गावाला हे झोपेत सांगितलं असतं.

मी बिरू. आमचं घराणं मेंढरांमागचं, पण मला मेंढरं कधी आवडली नाहीत आणि मेंढरांना मी. मी जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी विकायचो. शिवराजअण्णा चुरमुरे विकायचे, घरात कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी. महबूबचाचा कंगवे, रिबिनी, आरसे, साबण आणि खोबरेल तेलाच्या बाटल्या. चौथा सिद्राम. तो कंदिलाच्या काचा विकायचा. गवत घातलेल्या चार लाकडी पेट्या आणि त्यात सहा डझन काचा. तेव्हा गावोगाव वीज यायची होती, त्यामुळे सिद्रामशिवाय कुणाचं भागत नव्हतं.

लोकांना वाटतं, भरलेली सायकल चालवणं अवघड. अजिबात नाही. चालती सायकल शहाणी असते. येडी होते ती थांबल्यावर. मणभर माल लादलेली सायकल उभी करायची कुठं आणि कशाच्या आधारानं, यात आमचं निम्मं आयुष्य गेलं.

* * *

सुरुवात माझ्यापासून करतो, म्हणजे बाकीचे नावं ठेवणार नाहीत.

धंद्याचा माझा पहिलाच बाजार. पाऊस होऊन दोन दिवस झालेले. जमीन वरून वाळलेली दिसत होती. मी ऐटीत सायकल मागे ओढली, स्टँडवर घेतली आणि दोरी सोडायला वाकलो. काळी माती ती. वरून पापडी, आतून लोणी. स्टँडचा एक पाय शांतपणे आत गेला आणि पाठोपाठ सायकल गेली.

पातेली, डेचक्या, पराती, झाकणं, सगळी वेगवेगळ्या दिशांना पळाली. एक झाकण तर घरंगळत थेट मारुतीच्या पारापर्यंत गेलं. आवाज एवढा झाला की आख्खं गाव बाहेर आलं. बायकांनी भांडी गोळा करून आणून दिली आणि आणता आणता वाजवून, उलटी करून बघितलीही. त्या दिवशी मला एकदाही ओरडावं लागलं नाही. निम्मा माल खपला.

पुढच्या आठवड्यात मी शहाणा झालो. सायकल नीट भिंतीला टेकवली आणि वाट बघत बसलो. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. दुपारी एक म्हातारी अक्का आली आणि मला म्हणाली, "कामून रं, आज पाडणार न्हाईस का? आम्ही घरात वाट बघायलोत."

* * *

शिवराजअण्णांचं दुखणं उलटं. चुरमुऱ्याला वजन नसतं, पण पोतं एवढं मोठं की मागून बघितलं तर अण्णा दिसायचेच नाहीत. नुसतं पोतं रस्त्याने चाललेलं दिसायचं. वारा आला की सायकल आडवी.

एका बाजारात अण्णांनी युक्ती केली. सुटलेली बैलगाडी उभी होती, तिच्या मागच्या बाजूला सायकल टेकवली, हँडल गाडीच्या दांडक्यात अडकवलं आणि वरून दोरीचा एक वेढा दिला. "आता वादळ येऊ दे," म्हणाले आणि पान खायला गेले.

वादळ आलं नाही. गाडीवाला आला. त्याचा बाजार झाला होता. त्याने बैलं जुंपली आणि निघाला. गाडीमागे चुरमुऱ्याची सायकल, सरळ, ताठ, एखाद्या पाहुण्यासारखी. बाजारातल्या लोकांना वाटलं, अण्णांनी सोय करून घेतली. कुणी काही बोललं नाही.

अण्णांना पान थुंकेपर्यंत पत्ता नव्हता. मग पळाले. अण्णांना पळताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि शेवटचं. ओढ्याच्या उतारावर गाडी गाठली. गाडीवाल्याने खाली उतरून मागे बघितलं, सायकल बघितली, पोतं बघितलं, आणि अण्णांवरच चिडला. "तरीच म्हणलं, बैलं आज जड कामून चालायलेत! मी उगंच त्यांना शिव्या देत आलो की."

अण्णांनी बैलांना दोन ओंजळी चुरमुरे चारले. गाडीवाला म्हणाला, त्याशिवाय बैलं ऐकणार नाहीत.

* * *

महबूबचाचा आमच्यात सगळ्यात हुशार. हे त्यांचंच मत.

चाचा म्हणाले, जमिनीवर भरवसा ठेवायचाच कशाला? त्यांनी कडुलिंबाच्या झाडाची एक आडवी फांदी हेरली. सायकल तिच्याखाली आणली, सीटला एक दोरी, हँडलला एक दोरी, आणि दोन्ही दोऱ्या ओढून फांदीला पक्क्या बांधल्या. फांदी मालाच्या भाराने वाकली, सायकल ताठ उभी. खरंच देखणी दिसत होती. आरसे चमकत होते, रिबिनी हलत होत्या. आम्हाला नावं ठेवायला जागाच नव्हती.

त्या दिवशी चाचांचा माल भलताच खपला. लग्नसराई होती. तेलाच्या बाटल्या गेल्या, साबण गेले, आरसे गेले. जसजसा भार कमी झाला, तशी वाकलेली फांदी हळूहळू सरळ व्हायला लागली. दुपारी सायकलीची चाकं वीतभर उचलली होती. चाचा विकण्यात दंग. चार वाजता सायकल त्यांच्या छातीशी आली. बाजार उठायच्या वेळी चाचांनी दोरी सोडायला हात वर केला, तर हात पोचेना. चाचा उंचीने बेताचेच.

शेवटी सिद्रामची सायकल अण्णांनी धरली, मी सिद्रामला खांद्यावर घेतलं आणि त्याने दोऱ्या सोडल्या. चाचा खालून सायकलीला धरून उभे होते आणि अगदी मनापासून म्हणाले, "क्या बोलूं बाबा, माल बिकता गया, दुकान उपर जाता गया."

* * *

आता सिद्रामचं सांगतो.

आम्हा तिघांना हे सगळे उद्योग हौसेचे होते. कारण काहीच जमलं नाही तर आम्हाला भिंत होती. कुणाच्याही घराची, चावडीची, देवळाची. टेकवली सायकल की झालं. सिद्रामला भिंत नव्हती.

सिद्रामच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला. घरातले देव गेले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. पण गावांना त्याचं काय? गावांच्या लेखी तो होता तोच. काच त्याच्या हातून घ्यायला कुणाची हरकत नव्हती. त्याची सायकल आपल्या भिंतीला टेकायला होती.

म्हणून सिद्राम सायकल धरून उभा असायचा. बाजार भरल्यापासून उठेपर्यंत, डावा हात हँडलवर. उजव्या हाताने काच काढायची, उजव्या हाताने दाखवायची, उजव्या हाताने पैसे घ्यायचे. भाकरी उभ्याउभ्या, एका हाताने. स्टँड होतं, पण मी सांगितलंच तुम्हाला काळ्या मातीचं. माझी परात पडली तर तिला पोचा येतो. सिद्रामची पेटी पडली तर गवत तेवढं उरतं, आणि त्या काचांखेरीज त्याच्याकडे दुसरं भांडवल नव्हतं.

पहिल्या वर्षी एकदा मी त्याला म्हटलं, "लाव की माझ्या शेजारी, कोण बघायलंय." त्याने लावली. पाच मिनिटांत घरमालक बाहेर आला. माझ्या सायकलीकडे त्याने बघितलंही नाही. "ही दुसरी कुणाची?"

"माझी हाय," सिद्राम म्हणाला. "निघालोच." आणि त्याने सायकल काढली.

मी काही बोललो नाही. एवढंच नाही, माझी सायकल मी तिथेच राहू दिली, त्या भिंतीला, संध्याकाळपर्यंत. मला लाज वाटली होती, पण ती त्या दिवशी पोटातच राहिली. आज चार माणसांत सांगतो आहे.

* * *

लाज वाटली की माणूस काहीतरी उपाय काढतो. माझा उपाय असा की दोन सायकली पाठीला पाठ लावून बांधायच्या. त्याची मला, माझी त्याला. भिंत नको न् काही नको, मोकळ्या मैदानात उभ्या.

आणि राहिल्या की! वाऱ्यात हलल्या नाहीत. सिद्राम खूश झाला. चाचांनी सुद्धा मान डोलावली.

दहा वाजता मला पलीकडच्या आळीतून बोलावणं आलं, लग्नाच्या भांड्यांसाठी. मोठं गिऱ्हाईक. मी निघालो आणि लक्षात आलं, मी निघालो तर सिद्रामही निघणार. सोडायचं तर त्याला पुन्हा धरून उभं राहायला लागणार. मग दोघांनी दोन बाजूंनी धरली आणि ती जोडगोळी आडवी ढकलत आख्ख्या गावातून नेली. बोळात मावेना. एका वळणावर तर आम्ही अडकलो, पुढेही नाही आणि मागेही नाही. ओट्यावर बसलेला एक म्हातारा बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून त्याने विचारलं, "भांडण झालंय का लगीन झालंय तुमचं?"

दोरी तिथंच सोडली.

* * *

काठीची कल्पना सिद्रामची स्वतःची. बैलं सोडल्यावर गाडीच्या पुढे खाली लाकडाचा टेका देतात, तो बघून त्याला सुचली. बाभळीची, टोकाला दुबेळकं म्हणजे बेचकं असलेली काठी तोडली, सायकलीच्या सीटखालच्या नळीला दुबेळकं बसेल एवढी उंच. सायकल त्या बाजूला किंचित कलती करायची आणि काठीचा टेका द्यायचा. दोन चाकं आणि तिसरी काठी.

पहिल्या दिवशी त्याने टेका दिला, हात सोडला आणि आमच्याकडे वळून हसला. तेवढ्यात चाक फिरलं. जमीन थोडी उताराची होती. सायकल वीतभर पुढे सरकली, काठी मागे राहिली, आणि पेट्या खाली आल्या.

काच फुटल्याचा आवाज भांड्यासारखा नसतो. गाव बाहेर येत नाही. आम्ही तिघे तिथेच उभे होतो. सिद्राम खाली बसून गवतातून शाबूत काचा वेगळ्या काढत होता. निम्म्याहून जास्त गेल्या होत्या. मला वाटलं, संपलं, आता हा मजुरीला जाणार.

शेवटची शाबूत काच पेटीत ठेवून तो म्हणाला, "काठी न्हाई पडली. बघा तुम्ही. काठी हाय तिथंच हाय. चाक पळालं."

"चाक पळालं तर चाकाला बांध की," अण्णा म्हणाले. अण्णा असं बोलायचे, सहज, पानाचा चुना मागावा तसं.

पुढच्या बाजाराला सिद्रामने जुन्या ट्यूबची बांगडीएवढी पट्टी कापून आणली. पुढचा ब्रेक दाबला आणि ती पट्टी मुठीवर आणि ब्रेकच्या दांडीवर चढवली. ब्रेक दाबलेलाच राहिला. चाक जागचं हलेना. काठीचा पाय मातीत रुतू नये म्हणून तिच्याखाली टायरची चप्पल ठेवली. मग चिमूटभर माती हातात घेऊन सोडली, वारा कुठून कुठे जातोय ते बघितलं, आणि वारा सायकलीला काठीवरच रेटेल अशा बेताने तिचं तोंड फिरवलं. सगळं झाल्यावर हात सोडला.

आम्ही तिघे सायकलीभोवती हात पसरून उभे राहिलो, हुतूतू खेळायला उभे राहतात तसे. किती वेळ उभे होतो देव जाणे. गिऱ्हाइकं विचारायला लागली की काय झालंय. सायकल हलली नाही. चाचांनी तिला एका बोटाने ढकलून बघितलं. नाही हलली. मग दोन बोटांनी. सिद्राम म्हणाला, "चाचा, आता बास."

आणि तो खाली बसला. तीन वर्षांत बाजारात आम्ही त्याला खाली बसलेला बघितला नव्हता. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. त्याने भाकरीचं फडकं सोडलं, उजव्या हाताने तुकडा मोडायला गेला आणि थांबला. आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

"बिरू," मला म्हणाला, "ह्या हातानं काय करू आता?"

आम्ही हसलो. तोही हसला. माझ्या छातीवरचं तेव्हा काहीतरी उतरलं, खोटं कशाला सांगू. अण्णांनी त्याच्या डाव्या हातात मूठभर चुरमुरे ठेवले.

* * *

आता शेवटचं. एक गाव होतं. नाव सांगत नाही, तिथे माझी पुतणी दिली आहे.

त्या गावात बाजाराच्या मैदानाला लागून एका मालकाचं चहाचं हॉटेल होतं. लांबलचक, सावलीची भिंत. आम्ही सगळे फिरते विक्रेते सायकली त्या भिंतीला लावायचो आणि भिंतीला लावली की चहा प्यायला लागायचाच, तसा रिवाजच होता. मालकाचा बाजाराच्या दिवशीचा सगळा धंदा त्या भिंतीवर होता. सिद्रामला अर्थातच भिंत नाही. त्याचा चहा बाहेर, वेगळ्या कपात. काठी आल्यापासून तो मैदानाच्या मधोमध सायकल उभी करायचा.

एका दुपारी वावटळ आली. आम्ही हॉटेलात बसलो होतो, सिद्राम एका घरी कंदिलाला काच बसवून द्यायला गेला होता. अण्णांच्या पोत्यात वारा भरला आणि त्यांची सायकल भिंतीला घासत पुढे सरकली. ती चाचांच्या सायकलीवर गेली, चाचांची माझ्यावर, आणि माझी पुढच्यांवर. भिंतीला लागलेल्या अकरा सायकली होत्या. अकराच्या अकरा निजल्या. माझी भांडी, चाचांचं तेल, अण्णांचे चुरमुरे, सगळ्यांचा एकच काला झाला.

सिद्राम पळत आला. धुळीत काही दिसत नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा मैदानाच्या मधोमध त्याची सायकल काठीला टेकून उभी होती. पेटीवरचं फडकंसुद्धा सुटलं नव्हतं. तो जागच्या जागी मटकन बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. मला वाटलं रडतो आहे. जवळ गेलो तर हसत होता. "वाचलो रं," एवढंच म्हणत होता, पुन्हा पुन्हा. आणि माझी सगळी भांडी पोचलेली असताना मलाही सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे बाभळीच्या काठ्या घेऊन आलो. काठी किती उंच आणि पट्टी किती रुंद, हे सिद्रामने प्रत्येकाला मापून दिलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ताकवाला आला, मग दोऱ्या विकणारा. महिनाभरात सगळ्या सायकली मैदानात, आपापल्या काठीवर, सिद्रामच्या रांगेत. चहाही आम्ही तिथेच करायला लागलो, तीन दगडांवर, अण्णांच्या डबड्यात, सगळ्यांना एकसारखे कप.

हॉटेलच्या भिंतीला फक्त एक बकरी बांधलेली असायची. तीही मालकाचीच.

मालकाने चार बाजार कळ काढली. पाचव्या बाजाराला तो स्वतः मैदानात आला. खांद्यावरच्या टॉवेलाने तोंड पुसत आमच्या रांगेवरून फिरला. माझ्याशी हवापाण्याचं बोलला, अण्णांशी कन्नडमध्ये बोलला. मग सिद्रामसमोर येऊन उभा राहिला. सिद्राम खाली बसून भाकरी खात होता. तो उठला नाही.

"सिद्राम," मालक म्हणाला, "एवढ्या उन्हात कामून बसलाव तुम्ही? चल की, भिंतीला लाव सायकल. कोण काय म्हणत न्हाई. तू आलास म्हणजे हे बी येतील सगळे."

आम्ही खाणं थांबवून बघायला लागलो. सिद्रामने तोंडातला घास सावकाश संपवला. मान वर करून ती भिंत बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट, माल घेताना बघतात तशी.

"नगं मालक," तो म्हणाला. "भिंतीचं काय सांगता येत न्हाई. पडली-बिडली म्हणजे? माझा काचेचा माल हाय."